त्या मुलीला सापांचं पुस्तक द्यायचं राहिलं

प्रिय माई,

मी ३९ वर्षांची आहे. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात १४ वर्षांपासून ग्रंथपाल आहे. लागले तेव्हा पुस्तकांचं वेड होतं. नव्या पुस्तकांचं गाठोडं आलं की दाखल नोंदवहीत चढवायच्या आधीच दोन-तीन घरी न्यायची. आता दोन वर्षांत एकही पुस्तक पुरतं वाचलेलं नाही. सकाळी पेपर लावायचे, संध्याकाळी देवघेव, तारखेचा शिक्का. अभ्यासिकेतली मुलं आपली पुस्तकं घेऊन येतात, त्यांना आमच्याकडून पंखा आणि मोबाइलला प्लग हवा असतो. कार्यवाह आले की अनुदानाच्या कागदांचं विचारतात. मानधन किती ते सांगायची लाज वाटते. वर नणंद म्हणते, 'बसून पगार आहे तुझा.'

मिस्टरांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. हात काळे, पाठ दुखते, पण रात्री नऊला जळलेली मोटार उघडतानाही ते गुणगुणत असतात. मला त्यांचा हेवा वाटतो. हे लिहितानाही बरं वाटत नाही.

गेल्या महिन्यात सातवी-आठवीतली एक मुलगी आली. सापांवर पुस्तक आहे का, म्हणाली. मी मान वर न करता म्हटलं, 'तिकडे असेल, बघ.' तिनं थोडा वेळ शोधलं आणि निघून गेली. पुस्तकं होती, चांगली दोन होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. मोबाइलवर सगळे सांगतात, कामावर प्रेम करा. प्रेमच संपलं असेल तर काय करायचं? उमेद परत येते का, की मी हे काम सोडावं?

— एक ग्रंथपाल

अगं,

वयानं बरीच मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या मुलीपाशी थांबले. तुझा प्रश्न उमेदीचा आहे, पण सगळ्या पत्रात जीव कुठे आहे तर त्या चार ओळींत. कामातून ज्याचं मन खरोखर उठलेलं असतं, तो त्या रात्री शांत झोपतो. तू जागी राहिलीस. पुस्तकं दोन होती हे तुला कपाटाकडे न बघता आठवलं. 'चांगली' होती हेही तू लिहिलंस. तुझं पुस्तकांवरचं प्रेम संपलंय यावर माझा विश्वास बसत नाही. त्याच्यावर १४ वर्षांची धूळ बसली आहे, आणि ती कशी बसली हे मला थोडंफार ठाऊक आहे.

मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं. नोकरीच्या सतराव्या-अठराव्या वर्षी माझं हेच झालं. तेच धडे, तीच उदाहरणं, तपासायचे तेच गठ्ठे. लाल पेन आपोआप फिरायचं. एकदा एका मुलानं १/२ अधिक १/३ बरोबर २/५ असं लिहिलं होतं. वरची वरची बेरीज, खालची खालची बेरीज. ही चूक मी शेकड्यांनी पाहिली असेल आणि शेकड्यांनी फुल्या मारल्या असतील. त्या दिवशी का कोण जाणे, त्याला बोलावून विचारलं, 'असं का केलंस?' तो म्हणाला, 'बाई, आधी दोन नेमांत एक गोटी लागली. मग तीन नेमांत एक. मिळून पाच नेमांत दोनच ना?'

मी गप्पच झाले. त्याच्या गोट्यांचा हिशेब बरोबर होता! 'कितीपैकी किती' याची बेरीज तशीच होते. गडबड एवढीच की पुस्तकातलं उदाहरण एकाच भाकरीच्या तुकड्यांचं होतं. अर्धी भाकरी आणि वर आणखी तिसरा हिस्सा मिळून अर्ध्या भाकरीपेक्षा कमी कशी भरेल, असं विचारल्यावर त्याचे डोळे चमकले. माझेही चमकले असणार. सतरा वर्षं मी त्या फुलीच्या खाली काय आहे हे बघितलंच नव्हतं.

लगेच काही मी पहिल्यासारखी झाले नाही. दुसऱ्या दिवशीही शाळेत जाताना पाय जडच होते. पण पुढच्या गठ्ठ्यात चुकीचं उत्तर दिसलं की मी थबकायला लागले. एका वहीत चुका टिपायला लागले, शेजारी मुलानं सांगितलेलं कारण. ती वही भरत गेली तशी मीही हळूहळू वर्गात परत आले. आधी उत्साह आला आणि मग मी वही घातली, असं झालं नाही. क्रम नेमका उलटा होता, आणि मोबाइलवरची भाषणं हा क्रम सांगत नाहीत म्हणून मला त्यांचा राग येतो. 'प्रेम करा' हा हुकूम पाळता येत नाही. 'त्या मुलाला कारण विचारा' हे कुणालाही जमतं.

आता तुझ्याच क्षेत्रातल्या एका गणितवाल्याची गोष्ट. शियाळी रामामृत रंगनाथन हे नाव तू प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात पाठ केलंस, १२ ऑगस्टला त्यांच्या तसबिरीला हारही घालत असशील. पण ते ग्रंथालयात कसे रमले, हे कुणी सांगितलं होतं का? मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित शिकवत. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्यांना ते काम असह्य झालं. भोवती पोरं नाहीत, प्रश्न नाहीत, नुसती शांतता. काही दिवसांतच ते कॉलेजात परत गेले आणि आपली जुनी जागा मागू लागले. ठरलं असं की आधी लंडनला जाऊन तिथलं ग्रंथालयाचं काम बघून या, तरीही नको वाटलं तर गणिताची जागा तुमचीच.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते शिकले, पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं हिंडणं. त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथालयं पाहिली. मुलं, कामगार, बाया, सगळ्यांच्या हातात पुस्तक पोचवणारी ग्रंथालयं. १९२५ साली परतले ते गणिताकडे गेलेच नाहीत. पुढची जवळजवळ २० वर्षं त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात काढली. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे ते पाच नियम मांडले, आणि त्याच वर्षी तमिळ मुलखात मन्नारगुडीला बैलगाडीतून पुस्तकं गावोगाव फिरू लागली. आपल्या देशाला ग्रंथालयशास्त्र देणारा माणूस पहिल्या आठवड्यात तुझ्यासारखाच कंटाळला होता. त्यांना ज्या शांततेनं छळलं तीच तुला छळते आहे, आणि ती मोडली माणसांमुळे. पुस्तकाच्या पलीकडच्या टोकाला कोण आहे हे दिसल्यावर.

मिस्टरांच्या गुणगुणण्याचं कोडं मला इथेच सुटतं. रब्बीत विजेचा दाब कमी होतो, शेतकऱ्याची मोटार जळते, तो तोंड पाडून दुकानात येतो. तुझे मिस्टर जळकी तार काढतात, नवी भरतात, वार्निश करतात, आणि मोटार फिरते की नाही हे तिथल्या तिथे कळतं. फिरली की शेतकऱ्याचं तोंडही बदलतं. त्यांना रोज उत्तर मिळतं. तुझं पुस्तक मात्र उंबरठ्याबाहेर पडतं आणि पंधरा दिवसांनी मुकाट्यानं परत येतं. ते कुणाच्या उशाशी होतं, कोण हसलं, कोणी चौथ्या पानावर सोडलं, काही कळत नाही. उत्तर न येणाऱ्या ठिकाणी १४ वर्षं हाका मारल्यावर घसा बसणारच. हेव्याबद्दल जिवाला लावून घेऊ नकोस. एकदा रात्री दुकानात त्यांच्याजवळ बस आणि जळलेली मोटार उघडताना ते आधी काय बघतात ते विचार. आपल्या कामाबद्दल बोलणाऱ्या माणसाजवळ बसलं की आपल्यालाही काहीतरी सुचतं.

वाचनालयात उत्तरं मागायला सुरुवात कर. परत आलेलं पुस्तक घेताना 'कसं वाटलं?' एवढंच विचार, आणि मान वर करून विचार. पहिले काही जण 'ठीक' म्हणतील. आठवड्याभरात एखादी बाई तुझ्या टेबलाशी दहा मिनिटं उभी राहील. शंभर पानी एक वही घाल आणि तिला मागणी वही म्हण. कुणी काय मागितलं, मिळालं की नाही, नसेल तर का. नाव नको, 'भाजीवाल्या काकूंची सून' एवढं पुरे. पहिली नोंद तुला माहीतच आहे.

मग एक दुपार कपाटांना दे. पुस्तकांच्या मागच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठ्या बघत जा आणि दहा वर्षांत ज्यांच्यावर एकही शिक्का पडला नाही अशी काढून ठेव. 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक' हा तुमचा तिसरा नियम तू परीक्षेत लिहिलास, पण तो एकेका पुस्तकाला लावून बघितला आहेस का? काही पुस्तकं निर्लेखनाला, म्हणजे नोंदीतून काढून टाकायला, जातील, वाळवी लागलेलं काय ठेवायचं. पण त्यात एखादं असं निघेल की ते हातात घेतल्याबरोबर तुला गावातला माणूस आठवेल, विहिरी खणणारा, पत्रिका बघणारा, नातवाला गोष्टी सांगून सांगून संपलेली आजी. त्या माणसाला निरोप धाड. अभ्यासिकेतल्या एखाद्या पोरालाही विचार, परीक्षेच्या पुस्तकांखेरीज शेवटचं काय वाचलं होतं. मला वाटतं ती पोरं तुझ्याहून एकटी आहेत.

स्वतःच्या वाचनाचं मात्र घाईनं मनावर घेऊ नकोस. ग्रंथपालानं वाचायलाच हवं या दडपणानं पुस्तक उघडलं की तीही एक फाइल होते. त्या दोन सापांच्या पुस्तकांतलं एक घरी ने, चित्रं बघ, वाटलं तर वाच.

मानधनाचं वेगळं बोलते, कारण ते यात मिसळलेलं मला चालणार नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्याकडे १९६७ साली झाला, आणि ज्यांच्या जिवावर ही वाचनालयं उघडी राहतात ते सेवक वर्षानुवर्षं वेतनश्रेणी मागत आहेत. ही मागणी न्याय्य आहे. उद्या तू पुन्हा मन लावून काम करू लागलीस म्हणून तुझं मानधन पुरेसं ठरत नाही, आणि 'तिला आवड आहे हो' असं म्हणून कुणी ते तसंच ठेवू लागलं तर गप्प बसू नकोस. कार्यकारी मंडळाला लेखी पत्र दे, जिल्ह्यातल्या संघटनेत जा. पदवीधर असशील तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदवी कर, शाळा-कॉलेजांच्या जागांसाठी तिचा उपयोग होतो. सहा महिन्यांनी सोडावंसं वाटलं तर खुशाल सोड, त्यात हार नाही. फक्त ती वही निम्मी भरेपर्यंत थांब, म्हणजे आपण नेमकं काय सोडतोय हे तुला माहीत असेल. नणंदेला उत्तर द्यायची गरज नाही. तिला एकदा वाचनालयात बोलाव.

एक विचारायचं राहिलं. हा कोरडेपणा फक्त वाचनालयापुरता आहे ना? घरी हसू येतं का, जेवणाला चव लागते का, सणावाराला चार माणसांत बरं वाटतं का? दोन आठवड्यांहून जास्त सगळीकडेच असं वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर माझी वही-बिही बाजूला ठेव आणि डॉक्टरांना भेट. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, फोन फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

आणि ती मुलगी. तालुक्याच्या गावात सातवी-आठवीचे वर्ग किती शाळांत असतील? दोन, तीन? शाळेतल्या बाईंना विचार, सापांचं वेड कुणाला आहे ते त्यांना बरोबर ठाऊक असतं. दोन्ही पुस्तकं पिशवीत टाकून तूच जा. 'त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं' असं तिला सरळ सांग, मुलांना ते समजतं. सभासद नसेल तर तुझ्या नावावर दे.

ती पुस्तकं परत करायला आली की काय म्हणाली ते मला लिहून कळव. आणि मागणी वहीतल्या पहिल्या दहा नोंदी.

तुझी,
माई