गरमी इंग्रजांनी आणली का, आणि ती उष्णतेने होते का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: गरमी हा रोग इंग्रजांनी भारतात आणला का, आणि अंगात उष्णता वाढली की तो होतो का. मी पुण्यात, पेठेतल्या एका लॅबमध्ये २२ वर्षं टेक्निशियन होतो. व्हीडीआरएलच्या (या रोगासाठीच्या रक्तचाचणीच्या) किती काचा पाहिल्या याची गणती नाही, म्हणून लिहितोय.

आधी उष्णतेचं, कारण माणसं तिथेच फसतात. अंडी, आंबे, उन्हातलं काम, यांचा काहीही संबंध नाही. गरमी, म्हणजेच सिफिलिस, ट्रेपोनेमा पॅलिडम नावाच्या मळसूत्रासारख्या पिळदार जिवाणूमुळे होतो. १९०५ साली बर्लिनमध्ये तो पहिल्यांदा दिसला. लैंगिक संबंधातून (मुखमैथुनातूनही) आणि गरोदर आईकडून पोटातल्या बाळाला, अशा वाटांनी तो पसरतो. सार्वजनिक संडासातून नाही. काउंटरवर मी सगळ्यात जास्त ऐकलेलं कारण मात्र तेच, आणि मी प्रत्येक वेळी मान डोलावली आहे.

संबंधानंतर साधारण ३ आठवड्यांनी (९ ते ९० दिवसांत कधीही) त्या जागी एक कडक काठाचा व्रण येतो. तो दुखत नाही. घरात सब्जा असतो, गुलकंद असतो, धन्याजिऱ्याचं पाणी सुरू होतं. ३ ते ६ आठवड्यांत व्रण भरतो आणि श्रेय सब्जाला जातं. खरं तर काहीही घेतलं नसतं तरी तो भरलाच असता! जिवाणू तोवर रक्तात गेलेला असतो. पुढे तळहात-तळपायांवर न खाजणारे चट्टे येतात, तेही जातात. मग वर्षानुवर्षं सगळं शांत, आणि उपचार न घेतलेल्यांपैकी काहींचं हृदय, मेंदू किंवा डोळे बिघडतात.

आता इंग्रज. ते या गोष्टीत फार उशिरा येतात. युरोपात हा रोग १४९५ साली भडकला, फ्रान्सच्या राजाचं सैन्य नेपल्समध्ये होतं तेव्हा. फ्रेंच त्याला नेपल्सचा रोग म्हणू लागले, इटलीवाले फ्रेंचांचा, रशियन पोलंडचा. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये. सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त या रोगाला ‘फिरंग’ म्हटलं आणि चोपचिनी (एक औषधी मुळी) व पाऱ्याचा रसकर्पूर सांगितला. म्हणजे बोट पोर्तुगीजांकडे होतं. (आपल्याकडे फिरंग म्हणजे तलवारसुद्धा, तीही त्यांच्याच पात्याची.) त्याआधी तो कोलंबसच्या खलाशांनी अमेरिकेतून आणला का, हा वाद जुना आहे. कोलंबसच्या आधीच्या अमेरिकेतल्या हाडांत या जिवाणूच्या कुळाचा डीएनए सापडल्यापासून पारडं तिकडे झुकलंय. सुश्रुताचा ‘उपदंश’ मात्र हाच रोग म्हणून दाखवतात, ते मला पटत नाही. त्यात जननेंद्रियाचे बरेच वेगवेगळे विकार एकत्र आहेत.

व्हीडीआरएलबद्दल एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. ही चाचणी जिवाणू शोधतच नाही. बैलाच्या हृदयातून काढलेला कार्डिओलिपिन नावाचा स्निग्ध पदार्थ रक्तातून वेगळ्या केलेल्या सीरमच्या थेंबात मिसळून गुठळ्या होतात का, एवढंच आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. त्यामुळे गरोदरपणात, ल्युपसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजारात), मलेरियानंतरही ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. घरात भांडण काढण्याआधी टीपीएचए, म्हणजे खास या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्तचाचणी, करून घ्या. टीपीएचए बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. रोग हटतोय का हे व्हीडीआरएलच्या आकड्यावरून (किती पट पातळ केलं तरी गुठळ्या होतात, तो आकडा) कळतं: १:३२ चं १:८ झालं की औषध लागू पडलं.

औषध आजही पेनिसिलिनच. सुरुवातीच्या अवस्थेत बेन्झाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं एकदाच इंजेक्शन पुरतं, आणि हा जिवाणू अजून त्याला दाद देईनासा झालेला नाही. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला तो या पेनिसिलिनसाठीच. इंजेक्शनच्या दिवशी थंडी-ताप येऊ शकतो. जिवाणू मरताना तसं होतं, पण लोक ‘सुई उलटली’ म्हणून पुन्हा फिरकत नाहीत. जोडीदाराची तपासणीही त्याच वेळी करावी लागते, नाहीतर रोग घरातल्या घरात परत फिरतो. मोठ्या सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये हे सगळं मोफत होतं. आधी नुसतं विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा.