हॅम रेडिओची परीक्षा, बदलणारे नियम आणि तुमचे प्रश्न

अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींकडून हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, लायसन्सबद्दल बरेच प्रश्न आलेत, काही त्यांच्या आईबाबांकडूनही. बहुतेकांच्या मनात धास्ती एकच आहे, नियम बदलले की केलेला अभ्यास वाया जातो का. तर एकेक घेऊया.

प्रश्न : ताई, मी मास्टर्सला आहे आणि सेमिस्टर सांभाळून टेक्निशियनचा, म्हणजे पहिल्या पायरीच्या लायसन्सचा, अभ्यास करतेय. ॲपवर आत्ताच्या पूलचे, म्हणजे परीक्षेच्या ठरलेल्या प्रश्नसंचाचे, जवळजवळ सगळे प्रश्न झालेत, मॉक टेस्टला ३० च्या वरच मार्क पडतात. पण मला परीक्षेची जागा मिळालीये जुलै २०२६ मध्ये आणि मैत्रीण म्हणते तोपर्यंत पूल बदलणार. आता सगळं पुन्हा पहिल्यापासून करू का?

उत्तर : मैत्रीण बरोबर सांगतेय, पण पहिल्यापासून करायची काहीच गरज नाही. आधी हे नीट समजून घे की पूल बदलणं आणि नियम बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मा गोंधळ या दोन्ही एकत्र केल्यामुळेच होतो. नियम एफसीसी ही अमेरिकेची सरकारी दूरसंचार संस्था करते, आणि परीक्षेचे प्रश्न एनसीव्हीईसी नावाच्या संस्थेची कमिटी काढते. परीक्षा घेणाऱ्या स्वयंसेवक परीक्षकांच्या ज्या संयोजक संस्था आहेत त्यांची ही शिखर संस्था. प्रत्येक पूल चार वर्षं चालतो, नियम बदलोत की न बदलोत. टेक्निशियनचा आत्ताचा पूल १ जुलै २०२२ ला लागू झाला, तो ३० जून २०२६ ला संपतो, १ जुलैपासून नवीन. त्याच्या वरच्या दोन लायसन्सपैकी जनरलचा २०२७ पर्यंत आहे आणि एक्स्ट्राचा २०२८ पर्यंत, त्यामुळे ते करणाऱ्यांनी आत्ता घाबरायचं कारण नाही.

तू परीक्षेला कोणत्या दिवशी बसतेस त्यावर पूल ठरतो, अभ्यास कधी सुरू केलास किंवा नाव कधी नोंदवलंस त्यावर नाही. तुझे मार्क ३० च्या वर आहेत, पास व्हायला ३५ पैकी २६ लागतात, म्हणजे तू तयार आहेस. मग जुलैची वाट कशाला बघायची, जूनमधली तारीख शोध, गावात नसेल तर ऑनलाइन परीक्षा घेणाऱ्या टीम आहेत, कॅमेऱ्यासमोर बसून घरून देता येते. एवढी तयारी झाल्यावर तारीख पुढे ढकलत राहणं मला पटत नाही.

आणि समजा जुलैच करावा लागला, तरी किती बदलणार ते बघ. पेपरातले ३५ प्रश्न दहा विषयांमधून येतात आणि त्यातले फक्त ६ एफसीसीच्या नियमांचे असतात. बाकी ओहमचा नियम, ॲन्टेना, रेडिओलहरी कशा पसरतात, रिपीटर कसा वापरायचा, बॅटरी आणि मास्टची सुरक्षितता, यातलं विज्ञान चार वर्षांनी बदलत नसतं, प्रश्नाची भाषा बदलते, एखादा आकडा बदलतो, काही प्रश्न जातात काही नवे येतात. ज्याने उत्तराचा नुसता चेहरा पाठ केलाय त्याला मात्र या बदलाचा फटका बसतो, कारण परीक्षक अ ब क ड चा क्रमही बदलू शकतात आणि नवीन पूलमध्ये तेच गणित वेगळे आकडे घेऊन येऊ शकतं.

नियमाच्या बदलाने प्रश्न कसा बदलतो याचं एक खरं उदाहरण देते. २०१८ च्या टेक्निशियन पूलमध्ये एक प्रश्न होता की व्हीएचएफ या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर किती पॉवरपर्यंत आरएफ एक्स्पोजरची, म्हणजे अंगावर पडणाऱ्या रेडिओऊर्जेची, तपासणी करावी लागत नाही, उत्तर ५० वॉट. ३ मे २०२१ पासून एफसीसीने हौशी रेडिओला असलेली ही खास सूट काढली, आता प्रत्येक स्टेशनने स्वतः हिशोब करून बघायचा असतो. माणसाच्या शरीरावर किती रेडिओऊर्जा चालेल ती मर्यादा तीच राहिली, बदलली ती तपासणी कोणाला लागते ही बाब, आणि २०२२ च्या पूलमधून तो ५० वॉटचा प्रश्न गेला. ज्याला अंतर, पॉवर आणि फ्रिक्वेन्सी यांचा संबंध कळला होता त्याला नवीन प्रश्न जड गेले नसणार. तेव्हा जुलैत बसणार असशील तर नवीन पूल डाउनलोड कर, नियमांचा आणि सुरक्षिततेचा भाग नव्याने वाच, बाकीच्यावरून एक हात फिरव.

प्रश्न : मी जनरलची तयारी करतोय. माझ्या नोट्समध्ये एचएफवर (लांब पल्ल्याच्या फ्रिक्वेन्सींवर) डेटासाठी ३०० बॉडची (सिग्नल सेकंदाला किती वेळा बदलतो त्याची) मर्यादा आहे असं लिहिलंय आणि क्लबमधले काका म्हणतात ती मर्यादा गेली. मग परीक्षेत खरं उत्तर द्यायचं की पूलमधलं?

उत्तर : काका बरोबर आहेत आणि तुझा प्रश्न फार चांगला आहे, कारण पूलच्या मधेच नियम बदलला की अशी अडचण खरंच येते. ही ३०० बॉडची मर्यादा १९८० च्या दशकातली. तेव्हा सिग्नलचा वेग आवरला की तो बँडवर जागाही कमी घेईल असा विचार होता. पुढे मोडेम सुधारले, तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त डेटा पाठवता येऊ लागला, पण अमेरिकेतल्या हॅम्सना ते वापरता येईना, चक्रीवादळांच्या वेळी मदतकार्यासाठी एफसीसीकडून तात्पुरती सवलत मागून घ्यावी लागायची. एआरआरएल या अमेरिकेतल्या हॅम्सच्या संघटनेने २०१३ मध्ये अर्ज केला, एफसीसीने २०१६ मध्ये प्रस्ताव मांडला आणि शेवटचा निर्णय झाला नोव्हेंबर २०२३ मध्ये, लागू ८ जानेवारी २०२४ पासून. आता वेगावर बंधन नाही, सिग्नलची रुंदी २.८ किलोहर्ट्झच्या आत हवी, बस.

तारखा बघ म्हणजे गंमत कळेल. जनरलचा पूल लागू झाला १ जुलै २०२३ ला, म्हणजे जेमतेम सहा महिन्यांत त्यातली माहिती जुनी झाली. अशा वेळी कमिटी चार वर्षं थांबत नाही, ती दुरुस्तीपत्रक काढते आणि ज्या प्रश्नाचं उत्तर आता नियमाला धरून नाही तो प्रश्न मागे घेते किंवा सुधारते. म्हणून खरं उत्तर की पूलमधलं उत्तर अशी वेळ परीक्षेत तुझ्यावर सहसा यायलाच नको. तू एवढंच कर की नोट्स आणि छापील पुस्तक बाजूला ठेवून एनसीव्हीईसीच्या साइटवरचा दुरुस्त्यांसकट पूल एकदा चाळ, वर दुरुस्तीची तारीख दिलेली असते, आणि तुझं ॲप त्यानंतर अपडेट झालंय का ते बघ. फुकटच्या प्रश्नसंचांमध्ये काढून टाकलेले प्रश्न वर्षानुवर्षं तसेच पडलेले असतात.

आणि दहा वर्षं लागली हे लक्षात ठेव. कोणीतरी ग्रुपवर टाकतं की नियम बदलला, आणि पोरं परीक्षेच्या आदल्या रात्री घाबरतात. प्रस्ताव येणं म्हणजे नियम बदलणं नाही. प्रस्ताव येतो, लोक मतं पाठवतात, आदेश निघतो, तो सरकारी राजपत्रात छापून येतो आणि त्यात दिलेल्या तारखेपासून लागू होतो. ती शेवटची तारीख जोपर्यंत दिसत नाही तोपर्यंत तुझा अभ्यास जसा चाललाय तसा चालू दे.

प्रश्न : नमस्कार, आमचा मुलगा १२ वर्षांचा आहे, आम्ही व्हिसावर आहोत. त्याने लायब्ररीतून हॅम रेडिओचं पुस्तक आणलंय, त्यात मोर्स कोडची परीक्षा आहे असं लिहिलंय. एवढ्या लहान मुलाला हे जमेल का, आणि नागरिक नसताना परीक्षा देता येते का?

उत्तर : देता येते. वयाची अट नाही आणि नागरिकत्वाचीही नाही, फक्त परदेशी सरकारचा प्रतिनिधी नसावा आणि पत्र येईल असा अमेरिकेतला पत्ता हवा. पण ते पुस्तक मात्र आजच परत करा. मोर्सची सक्ती टप्प्याटप्प्याने गेली, १९९१ मध्ये टेक्निशियनला मोर्सशिवाय लायसन्स मिळू लागलं, २००० मध्ये वरच्या लायसन्सचा वेग मिनिटाला ५ शब्दांवर आणला, २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत आंतरराष्ट्रीय सक्ती निघाली आणि २३ फेब्रुवारी २००७ पासून अमेरिकेत कुठल्याच लायसन्सला मोर्सची परीक्षा नाही. म्हणजे पुस्तक किती जुनं आहे बघा. अभ्यासाचं पुस्तक घेताना मुखपृष्ठावर कुठल्या चार वर्षांसाठी आहे ते छापलेलं असतं, ते आधी बघायचं. मुलाला मोर्सची आवड असेल तर जरूर शिकू द्या, कमी पॉवरमध्ये लांबवर पोचायला ते आजही उपयोगी पडतं, पण ते आनंदासाठी.

पालकांना जास्त त्रास अभ्यासापेक्षा कागदपत्रांच्या नवीन नियमांचा होतो, म्हणून ते सांगते. परीक्षेच्या आधी एफसीसीच्या कोअर्स या साइटवर एफआरएन हा नोंदणी नंबर काढून ठेवा. २९ जून २०२१ पासून ईमेल देणं सक्तीचं आहे, आणि तो चालू, रोज बघितला जाणारा ईमेल द्या, कारण १९ एप्रिल २०२२ पासून नवीन लायसन्सला ३५ डॉलर फी आहे आणि ती भरायची लिंक पास झाल्यावर ईमेलवरच येते, दहा दिवसांत नाही भरली तर अर्ज रद्द होतो. मुलं पास होतात आणि मेल स्पॅममध्ये पडून राहतो, हे व्हायला नको. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी ही फी एआरआरएल भरते, त्यांच्या टीमकडे परीक्षा असेल तर आधीच विचारा. अजून एक, लायसन्सवरचा पत्ता एफसीसीच्या साइटवर सगळ्यांना दिसतो, लहान मूल आहे तर पोस्ट बॉक्सचा पत्ता देण्याचा विचार करा, तो चालतो.

बारा वर्षांच्या मुलाला जमेल का, तर हो, गणित भागाकार गुणाकाराचंच आहे. पण त्याला पाठ करायला बसवू नका, एखाद्या क्लबमध्ये नेऊन रेडिओ हातात द्या, मग प्रश्न आपोआप समजतात.

प्रश्न : मी जुन्या पूलवर टेक्निशियन पास झालो. नवीन पूल आला की पुन्हा परीक्षा द्यावी लागेल का? आणि जनरलला परत फी?

उत्तर : नाही, दोन्हीला नाही. लायसन्स दहा वर्षांचं असतं आणि परीक्षा न देता रिन्यू होतं. वरच्या वर्गात जाताना एफसीसीची फी नाही, परीक्षा घेणारी टीम आपली थोडी फी घेईल तेवढीच. इतिहास बघितला तर नियम बदलताना आधीच्या लोकांना सहसा सांभाळून घेतलंय, २००० मध्ये नोव्हिस आणि ॲडव्हान्स्ड हे वर्ग नवीन लोकांसाठी बंद झाले तरी ज्यांच्याकडे ॲडव्हान्स्ड होतं ते आजही तेच लायसन्स रिन्यू करतात. फक्त पास झाल्याचं सर्टिफिकेट जपून ठेव, लायसन्स यायच्या आधी जनरल द्यायला बसलास तर ते दाखवता येतं, त्याची मुदत ३६५ दिवस.

मात्र एक आहे, एअरवर गेल्यावर तुला आजचा नियम लागू होतो, तू ज्या पूलवर पास झालास त्यातला नाही. म्हणून पार्ट ९७ हा नियमांचा भाग मूळातून वाच, ई-सीएफआर या सरकारी साइटवर तो फुकट आणि अद्ययावत असतो. सगळा एकदम वाचू नकोस. ९७.३०१ मध्ये तुझ्या वर्गाला कुठल्या फ्रिक्वेन्सी आहेत ते बघ, ९७.११९ मध्ये कॉलसाइन, म्हणजे तुझ्या स्टेशनचं ओळखनाव, कधी सांगायचा ते, दर दहा मिनिटांनी आणि बोलणं संपताना, आणि ९७.३१३ मध्ये कामापुरतीच पॉवर वापरायची असं सांगितलंय ते. जनरल झाल्यावर ९७.३०१ पुन्हा उघड, कारण तेव्हा तुझे बँड वाढलेले असतील.