कादंबरी पुरस्काराला पाठवू की थेट प्रकाशकाला?

तुमचा प्रश्न असा, की नऊ ते बारा वयोगटासाठीची इंग्रजी कादंबरी जवळजवळ लिहून झाली आहे, आजवर काहीच छापून आलेलं नाही, तर ब्रिटनमधल्या अप्रकाशित लेखकांच्या पुरस्कारांना ती पाठवावी का? माझं मत विचाराल तर जरूर पाठवा. फक्त बक्षिसाचा आकडा बघून पुरस्कार निवडू नका. जिंकल्यावर पुस्तकाचं काय होणार, ते आधी बघा.

स्कॉटलंडमध्ये पूर्वी कॅथलीन फिडलर पुरस्कार होता, मुलांसाठी लिहिणाऱ्या नवोदितांचा. थेरेसा ब्रेस्लिन ग्रंथपाल होत्या. पहिल्या कादंबरीला तो मिळाला, आणि पुढे ब्रिटनमधलं बालसाहित्याचं मानाचं १९९४चं कार्नेगी पदकही त्यांनी पटकावलं. कॅथरीन मॅकफेल यांचं मुलांसाठीचं पहिलं पुस्तकही याच पुरस्काराचं मानकरी. तेव्हा बक्षिसाची रक्कम किती होती, हे आज कुणाच्या लक्षात असेल? पुस्तकं मात्र मुलांच्या हातात गेली.

आजच्या पुरस्कारांपैकी टाइम्स-चिकन हाउस स्पर्धेत प्रकाशनाचा करार हेच बक्षीस असतं; चिकन हाउस ही मुलांची पुस्तकं काढणारी प्रकाशनसंस्था. चिकन हाउस सुरू करणारे बॅरी कनिंगहॅम म्हणजे ब्लूम्सबरी प्रकाशनात असताना हॅरी पॉटर स्वीकारणारे संपादक. तिथे पूर्ण हस्तलिखित द्यावं लागतं, त्यामुळे तुमचं 'जवळजवळ' चालणार नाही. बाथ चिल्ड्रन्स नॉव्हेल अवॉर्डला सुरुवातीचे ५,००० शब्द आणि कथासार पुरतं, पण पहिल्या यादीत नाव आलं की पूर्ण कादंबरी मागतात. तिथली अंतिम यादी ठरवण्यात मुलं असतात, म्हणून मला तो जास्त आवडतो. मोठे परीक्षक सुंदर भाषेला भुलतात, मुलं कंटाळली की सरळ पुस्तक बंद करतात.

कथासारात शेवट लपवू नका. 'पुढे काय होतं ते पुस्तकातच वाचा' असली ओळ जाहिरातीत ठीक, परीक्षकापुढे नाही. गुन्हेगार कोण, मुलगी घरी पोचते का, सगळं एका पानात सांगून टाका.

पहिल्या पानाबद्दल मी जरा हट्टी आहे. गजर वाजला, नायक उठला, आरशात बघितलं, मग गाव, हवामान, आजोबांचा इतिहास... हे सगळं कापा. तिसऱ्या-चौथ्या वाक्यात मुलाच्या हातात काहीतरी असू द्या, जे त्याच्याकडे असायला नको होतं. आणि शेवटी काका फोन करतात, पोलीस येतात, प्रश्न सुटतो, असं तर होत नाही ना? तसं असेल तर शेवटची तीन प्रकरणं पुन्हा लिहा. सोडवायचं ते मुलानेच.

'अप्रकाशित'ची अट जागोजागी वेगळी असते. कुठे स्वतः काढलेलं ई-पुस्तक चालतं, कुठे नाही. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा यंदाचेच वाचा, कुणी ग्रुपवर टाकलेला जुना फोटो नको.

प्रवेशशुल्काचं म्हणाल, तर एका वर्षी एक-दोन ठिकाणी भरा, सगळीकडे नको. दरम्यान एजंटांना, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशक शोधणाऱ्यांना, पाठवणंही चालू ठेवा. बऱ्याच ठिकाणी लेखकाला एजंट नसावा अशी अट असते, म्हणून कुणी होकार दिलाच तर आयोजकांना त्याच दिवशी कळवा. भरलेले पैसे परत येतील, या आशेवर मात्र राहू नका.