नोकरी वेर्टहाइमला, खोली क्रॉइत्सवेर्टहाइमला: आधी राज्य कुठलं ते बघा

तुमची पोस्ट वाचली आणि माझं तिथलं पहिलं वर्ष आठवलं. नोकरी जर्मनीतल्या वेर्टहाइमला, स्वस्तातली खोली पूल ओलांडून क्रॉइत्सवेर्टहाइमला, आणि तुम्ही विचारताय की व्हिसाचं एक्स्टेन्शन वेर्टहाइमलाच होईल ना, चालत तर जाता येतं. नाही होणार. विमा, बँक वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देते.

मधली माइन नदी ही राज्याची हद्द आहे. वेर्टहाइम बाडन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, समोरचं गाव बायर्नमध्ये (म्हणजे बव्हेरिया). बोली दोन्हीकडे फ्रँकिशच, त्यामुळे कळतच नाही, पण गाड्यांच्या नंबरप्लेट बघा, इकडे टीबीबी, तिकडे एमएसपी, म्हणजे जिल्हासुद्धा वेगळा. खरं तर मूळ गाव पलीकडचंच, 1009 साली बाजार भरवायचा हक्क मिळाला तो उजव्या काठाला. नंतर 12व्या शतकात सरदार घराण्याने डाव्या काठावरच्या टेकडीवर किल्ला बांधला आणि टाउबर नदी माइनला मिळते तिथे, किल्ल्याच्या पायथ्याशी, आजचं शहर वाढलं. कित्येक शतकं दोन्ही काठ एकाच घराण्याकडे होते. 1806 ला नेपोलियनच्या काळात संस्थान खालसा झालं, डावा काठ बाडनला गेला, उजवा पुढे बायर्नला. त्या वाटणीवर आज तुमची फाइल कुठे जाणार ते ठरतं.

मला हे माहीत नव्हतं. घरमालक म्हणाले आपण सगळे वेर्टहाइमचेच, आणि मी कागद नदीच्या चुकीच्या बाजूच्या एका ऑफिसात दिले (नाव लिहीत नाही). पहिल्याच पानावर माझा पत्ता होता, तरी खिडकीवरच्या बाईंनी फाइल ठेवून घेतली. सात आठवडे काही नाही, फोन केला की "टर्मिन (भेटीची वेळ) घ्या", आणि मग एक दिवस सगळे कागद परत, सोबत दोन ओळी की हे आमच्याकडे येत नाही. व्हिसाला अकरा दिवस उरले होते. योग्य ऑफिसकडून तात्पुरता कागद हातात यायला इतका वेळ गेला की साताऱ्याला धाकट्या बहिणीचं लग्न झालं आणि मी इथेच बसलेली. अजून राग येतो, पहिल्याच दिवशी एवढं एक वाक्य सांगायला काय जात होतं?

तर आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, क्रॉइत्सवेर्टहाइमच्या राटहाउसमध्ये (गावच्या पालिकेत), आणि राहण्याच्या परमिटसाठी जिल्ह्याचं ठिकाण कार्लश्टाट. नोकरी कुठे आहे ते बघत नाहीत, राहता कुठे ते बघतात. पण माझ्यावरही विसंबू नका, मी वकील नाही आणि नियम बदलतात. आधी मेल टाकून "माझ्या पत्त्याला झुश्टेंडिग (म्हणजे जबाबदार ऑफिस) कोण?" एवढं लेखी मागवा. तोंडी उत्तर धरू नका. खिडकीवर गोड बोलले तरी नाही.

माझं स्वतःचं मत, भाडं थोडं जास्त गेलं तरी खोली वेर्टहाइमलाच बघा, तेवढी एक हद्द कमी. फक्त जुन्या गावात घेत असाल तर भिंतींवरच्या पुराच्या खुणा आधी बघा. दोन नद्यांच्या बेचक्यातलं गाव आहे ते, जानेवारी 2011 मध्येही पाणी शिरलं होतं. तळमजला नको, आणि तळघर फुकट मिळतंय म्हणून कागदपत्रं तिथे ठेवू नका.

तुमचा व्हिसा कुठल्या तारखेला संपतोय? ते लिहा, तीन महिन्यांहून कमी असेल तर खोली बघत बसू नका, आजच मेल टाका.