झऱ्याच्या पाण्याला मीटर लावून काय कळतं?

प्रश्न : आमचं गाव साखरप्याजवळ, राहायला कोल्हापुरात. गावाहून परतताना घाटात रस्त्याकडेला कातळातून झरा वाहतो, तिथून दर वेळी पाच-सहा कॅन भरून आणतो. मिस्टरांनी टीडीएस मीटर मागवलंय. झऱ्याचं पाणी ४८ दाखवतं, सोसायटीच्या बोअरचं ६२०. म्हणून ते म्हणतात, हे पाणी तसंच प्यायला हरकत नाही. सासरे तर म्हणतात, झऱ्याचं पाणी उकळलं की मेलं! घरात दहा महिन्यांचं बाळ आहे. काय करावं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, ते मीटर आधी कपाटात ठेवून द्या. त्याला फक्त पाण्यात विरघळलेले क्षार कळतात. भारतीय मानकात ५०० पर्यंतचा आकडा पसंतीचा मानलाय, त्या हिशेबानं ४८ उत्तमच. अशा पाण्यात तूरडाळ लवकर शिजते, चहा फर्मास होतो, केसांना साबण लागतो. पण त्याच पाण्यात कुणी चमचाभर सांडपाणी ढवळलं तरी मीटरचा काटा जेमतेम हलेल. जंतू क्षारांत मोजले जात नाहीत.

आता दुसरा समज : ‘जमिनीतून गाळून येतं.’ मी भूजलाच्या नोकरीत झरे मोजत फिरलो, हे वाक्य प्रत्येक वाडीत ऐकलं. वाळूतून पाणी गाळलं जातं हे खरं. पण आपल्या सह्याद्रीत वाळू कुठली? इथे काळ्या कातळाचे थरांवर थर आहेत. पावसाचं पाणी भेगांतून आणि जाळीदार थरांतून खाली उतरतं, खाली घट्ट कातळ किंवा तांबड्या मातीचा थर लागला की अडतं आणि आडवं सरकत डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतं. घाटरस्त्यासाठी डोंगर कापला की नेमका तो थर उघडा पडतो, म्हणून झरे रस्त्याकडेला दिसतात. सड्यावरच्या, म्हणजे माथ्यावरच्या सपाटीच्या, जांभ्या दगडात तर बोट जाईल एवढाली भोकं असतात. तिथून पाणी पळत येतं, गाळलं जात नाही. गारव्यावरही भुलू नका. जमिनीच्या पोटात तापमान बाराही महिने जवळपास सारखं, म्हणून मे महिन्यात धार गार लागते आणि डिसेंबरच्या पहाटे कोमट.

तेव्हा पुढच्या खेपेला मिस्टरांना मीटर न देता झऱ्याच्या वर चढायला लावा. वर गुरं बसतात का? एखादं हॉटेल, रिसॉर्ट, त्याचा शोषखड्डा? काजू-आंब्याची बाग असेल तर मोहराच्या दिवसांत तिथे फवारणी होते, आणि औषधाचा अंश उकळून जात नाही. मामंजींच्या लहानपणी वर नुसतं रान असेल. त्यांना पाणी बाधलं नाही हे मी मान्य करतो, पण तेव्हाचा डोंगर आता आहे का ते बघायला हवं. आणखी एक खूण : मोठी सर येऊन गेल्यावर काही तासांतच धार गढूळ होत असेल, तर वरची घाण थेट खाली उतरते असं समजा. आगोटीच्या पहिल्या पावसांत तर कुठल्याच झऱ्याचं पाणी भरू नका. उन्हाळाभर साठलेलं सगळं तेव्हा धुऊन येतं.

तपासणी अवघड नाही. जंतूंसाठी एक छोटी बाटली मिळते, तिच्यात पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत काळं पडलं, की पाणी दूषित. ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य केंद्रात विचारा. ही चाचणी एकदा पावसाळ्यात आणि एकदा एप्रिलमध्ये, अशी दोनदा करा. बाटली काळी पडली नाही तरी बाळासाठी पाणी उकळायचंच. बुडबुडे दिसले म्हणून गॅस बंद करू नका, खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर ठेवा. उकळलेलं पाणी बेचव लागतं ही मामंजींची तक्रार खरी आहे. त्यातली हवा निघून जाते. माठात ओतून रात्रभर ठेवा, ओगराळ्यानं काढून द्या, ते कुरकुरणार नाहीत. मोठ्यांसाठी मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं औषध, तेही चालेल. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात थेंब टाकून अर्धा तास थांबायचं, मात्र पाणी गढूळ नको. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. आणि ४८ च्या पाण्याला आरओ लावणं म्हणजे निव्वळ पैसे फुकट.

कॅनच्या आत हात फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर झऱ्याला दोष देऊ नका. उन्हात डिकीत पडलेला, हिरवट झालेला कॅन चांगलं पाणीही नासवतो.

आणि हो, तिथे कुणी बाई हंडा-कळशी घेऊन आली, तर तुमचे सहा कॅन बाजूला ठेवा. तुम्हाला कोल्हापुरात नळ आहे.

प्रश्न : आमच्या वाडीच्या झऱ्याला टाकी बांधायचं ठरतंय. किती मोठी बांधावी?
— एक वाचक, देवरूख

उत्तर : आधी एप्रिल-मेमध्ये धार मोजा. १५ लिटरची बादली ३० सेकंदांत भरली, तर दिवसाला ४३,२०० लिटर पाणी झालं. माणशी ५५ लिटर धरले तर पावणेआठशे माणसांना पुरेल. तुमच्या वाडीत तेवढी माणसं नसतीलच, तेव्हा रात्रीचं पाणी साठेल एवढी टाकी पुरे. ती झऱ्याच्या तोंडावर मात्र बांधू नका, खाली उतारावर बांधा. तोंडाशी झाकणाची लहान पेटी, तिच्यातून पाइप, जादा पाण्याला वाट आणि वरच्या अंगाला पावसाचं पाणी वळवणारा चर, एवढंच करा. धार वाढावी म्हणून कुणी सुरुंग लावायचं म्हणालं, तर त्याला वाटेला लावा. पाण्याची वाट एकदा सरकली की परत त्याच जागी येईल याची खात्री नसते.