अटक ‘दाखवली’ नाही, म्हणजे झाली नाही का?

प्रश्न : आमच्या शिवारात विहिरीवरची मोटर चोरीला गेली. बीट जमादार सोमवारी संध्याकाळी लहान भावाला ‘चौकशीला’ म्हणून गाडीवर बसवून घेऊन गेले. दोन रात्री ठाण्यातच ठेवलं. बुधवारी दुपारी अटक दाखवली, गुरुवारी सकाळी कोर्टात हजर केलं. विचारलं तर म्हणतात, चोवीस तासांच्या आतच नेलं. हे खरं का?
– एक शेतकरी, जि. यवतमाळ

उत्तर : खरं नाही. अटक दाखवली कधी हे कागद सांगतो. घड्याळ मात्र माणसाला घरी जाऊ दिलं नाही तिथूनच सुरू होतं. मुंबई उच्च न्यायालयाने हे १९९० सालीच स्पष्ट केलं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५८ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ५७) या चोवीस तासांतून फक्त कोर्टापर्यंतच्या प्रवासाचा वेळ वगळतं. तपासाची धावपळ, साहेब बंदोबस्तावर गेले, या सबबी त्यात बसत नाहीत.

मुळात अटकेची गरज होती का, हाही प्रश्न आहे. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत आधी कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची, आणि अटक केलीच तर ती का लागली हे लिहून ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात हे न पाळणाऱ्या अधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई आणि न्यायालयाच्या अवमानाची कारवाई, दोन्ही सांगितल्या आहेत. अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यावी लागतात, आणि तीही रिमांडसाठी हजर करण्याच्या निदान दोन तास आधी, असं नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरलं. अटक पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. ती कोणाची आहे, कोणत्या वेळेची आहे, ते पाहा.

अडतं ते पुराव्यापाशी. ‘तो सोमवारी ठाण्यात नव्हताच’ असं म्हटलं की काय दाखवाल? म्हणून माणूस नेला त्याच रात्री ११२ वर फोन करा. वेळेची नोंद राहते. पोलिस पाटलाला कळवा. जिल्हा पोलिस अधीक्षकांना ई-मेल करा: कोणी नेलं, किती वाजता, गाडीचा नंबर. चार ओळी पुरतात.

दुसरा पुरावा ठाण्यातला कॅमेरा. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष ठेवायचं आहे. लोक थेट ‘फुटेज द्या’ असा अर्ज करतात, तो तपासाच्या नावाखाली फेटाळला जातो आणि महिने निघून जातात. आधी ‘सोमवार सायंकाळ ते गुरुवार सकाळचं चित्रण जपून ठेवा’ एवढंच मागा, पोच घ्या, आणि तसाच आदेश कोर्टाकडून मिळवा.

सगळ्यात मोठी चूक पहिल्या हजेरीत होते. न्यायाधीश विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ शेजारी शिपाई उभा असतो, पोरगा मान हलवतो, आणि ‘तक्रार नाही’ अशी नोंद होते. पुढची प्रत्येक तक्रार याच ओळीवर अडते. त्यामुळे वकील जामिनाच्या वेळी नाही, त्या दिवशीच हवा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता तालुका विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

प्रश्न : ठाण्यात मारहाण झाली, तर तक्रार त्याच ठाण्यात करायची का?
– वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : तिथे अडवतील, हे गृहीत धरा. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत (कलम ५३) डॉक्टरांना प्रत्येक वळ दाखवा; अहवालाची प्रत मिळण्याचा हक्क आहे. वळ चार दिवसांत पुसले जातात, म्हणून हीच वेळ. मग पोलिस अधीक्षकांकडे रजिस्टर पोस्टाने तक्रार, त्यावर काही झालं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. कबुलीसाठी दुखापत करणं हा न्याय संहितेच्या कलम १२० खाली गुन्हा आहे: सात वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत असेल तर दहा. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून वर्षाच्या आत जा. खटल्याला शासनाची मंजुरी लागते असं सांगून परत पाठवतात. पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ प्रमाणे १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं.

प्रश्न : आईला साक्षीदार म्हणून ठाण्यात यायला व्हॉट्सअॅपवर निरोप आला. वय ५२. जावं का?
– वाचक, जि. वाशीम

उत्तर : बंधन नाही. बाईला, वय काहीही असो, साक्षीसाठी राहत्या घराशिवाय कुठेही बोलावता येत नाही (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९). व्हॉट्सअॅपवरची नोटीसही रीतसर बजावणी ठरत नाही, असं जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. तेवढं लिहून ठाण्याला कळवा, ‘जबाब घरी घ्यावा’ असं त्यात नमूद करा, आणि पोच जपून ठेवा.