विजेट बसवून भागणार नाही, आधी अर्ज तपासा

पतसंस्थेच्या साइट अपंग व्यक्तींनाही वापरता यावी म्हणून सुगमतेचं तयार विजेट (साइटवर जोडायचं छोटं साधन) बसवलं तर पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. पुरणार नाही. अक्षरं मोठी करणं, रंग उलटे करणं या सोयी फोनमध्ये असतातच, आणि अंध माणूस स्वतःचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, घेऊनच साइटवर येतो. त्याचं अडतं ते तुमच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमध्ये.

कर्जाच्या अर्जापासून सुरुवात करा. रकान्याशेजारी 'वार्षिक उत्पन्न' असं नुसतं छापलं आणि लेबल टॅगने ते रकान्याला जोडलं नाही, तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फक्त 'एडिट, ब्लँक' एवढंच सांगतो. पुढच्या रकान्यावर गेलं की पुन्हा तेच. उत्पन्न कुठे लिहायचं आणि जामीनदाराचं नाव कुठे, कसं कळावं? चूक झाली की रकान्याची कड नुसती लाल करू नका. 'पिनकोड सहा अंकी हवा' असं शब्दांत लिहा आणि ते त्या रकान्याशी जोडा.

मराठी साइटवर हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे भाषा. टेम्प्लेटमध्ये पानाची भाषा सांगणारा लँग 'ईएन' (इंग्रजी) तसाच राहतो, मग देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजाच्या वाट्याला जाऊ शकतो. तिथे 'एमआर' (मराठी) करा. व्याजदराच्या पीडीएफची अवस्था तर फारच वाईट असते. जुन्या, युनिकोड (अक्षरांची आजची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं परिपत्रक डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर तीच वाचत सुटतो. स्कॅन केलेलं पान म्हणजे तर फक्त फोटो. दर थेट पानावर, शीर्षकं दिलेल्या तक्त्यात टाका.

अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१ ठेवा. बारीक राखाडी अक्षरांत अनुस्वार आणि मात्रा आधी हरवतात.

कायद्याचंही विचारलंत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खासगी सेवा देणारेही येतात. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. प्रकरण ई-केवायसीचं, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याचं, होतं: डोळे मिचकावा म्हणणाऱ्या पडद्यापुढे अंध व्यक्तीने आणि ॲसिडहल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्यांनी काय करायचं? तुमच्या केवायसीतही अशी अट असेल तर दुसरी वाट ठेवाच.

आज माउस बाजूला ठेवून फक्त टॅबने अख्खा अर्ज भरून बघा. फोकस कुठे आहे, म्हणजे आत्ता कोणत्या रकान्यावर आहात, ते दिसत नसेल, तर सीएसएसमधलं (पानाच्या रंगरूपाच्या कोडमधलं) फोकसची चौकट लपवणारं 'आउटलाइन नन' शोधून काढून टाका. मग एनव्हीडीए उतरवून घ्या, फुकट आहे. आणि साइट सुरू करण्याआधी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीकडून अर्ज भरून घ्या, त्या कामाचे रीतसर पैसे देऊन.